काचेला वळण लावताना

दिवाणखान्यातल्या बुटक्या टेबलाला आपण टीपॉय म्हणतो. हा शब्द मुळात आपल्याकडचा ‘तिपाई’च. इंग्रजांच्या तोंडी जाऊन रूप पालटून तो परत आला. चहाशी त्याचं नातं केवळ उच्चारापुरतं. वस्तूचं नाव पायांच्या संख्येवरून पडलं, कारण टेबल म्हणजे वर फळी आणि खाली पाय, हे इतकी शतकं गृहीतच होतं. विसाव्या शतकात इटलीतल्या काच-कारागिरांनी हे गृहीतक मोडलं. त्यांच्या टीपॉयमध्ये फळी आणि पाय एकाच तावदानातून निघतात आणि फळी कुठे संपते, पाय कुठे सुरू होतो, हे बोट ठेवून सांगता येत नाही. अशा वळणदार काचेकडे आपण श्रीमंती घरातली शोभा म्हणून पाहतो. तिचा इतिहास मात्र वेगळं सांगतो: हे वळण सजावटीसाठी जन्मलं नाही, सांधा टाळण्यासाठी जन्मलं.

लाकडाला खाच पाडता येते, लोखंडाला झाळता येतं. काचेला यातलं काही मानवत नाही. स्क्रूसाठी भोक पाडावं, तर ताण नेमका त्या भोकाच्या कडेशी साठतो आणि तडा तिथूनच जातो. काटकोनी कोपऱ्याचंही तेच. म्हणून जोड नसलेली, कोपरा नसलेली वस्तू हाच काचेला साजणारा मार्ग होता. १९३२ साली मिलानच्या पिएत्रो किएझा यांनी फोंतानाआर्ते या संस्थेसाठी केलेलं ‘फोंताना’ हे टीपॉय त्याचा उत्तम पुरावा आहे. जाड काचेचं एकच तावदान, त्याची दोन्ही टोकं गोलाईने खाली वळवून जमिनीवर टेकवलेली. त्यात एकही पट्टी, एकही खिळा नाही. पाण्याचा पडदा काठावरून ओघळावा तशी काच खाली उतरते. त्या गोलाईमुळेच भार एका रेषेवर न येता पसरतो.

ही गोलाई कागदावर रेखाटणं सोपं, भट्टीत उतरवणं कठीण. तावदान कापून आणि त्याच्या कडा घासून आधीच तयार करावं लागतं. मग ते साच्यावर ठेवून तापवतात. साधारण ६०० अंश सेल्सिअसच्या पुढे काच मऊ पडते आणि बऱ्याच अंशी स्वतःच्याच वजनाने साच्यावर बसते. उष्णता कमी पडली तर वळण अर्धवट राहतं, जास्त झाली तर काच नको तिथे लोंबते आणि पृष्ठभागावर साच्याचे डाग उमटतात. त्यानंतर ती सावकाश निववावी लागते. बाहेरचा थर आधी गार झाला तर आत ताण अडकून राहतो आणि वस्तू पुढे कधीतरी तडकते. म्हणून या टीपॉयच्या श्रेयात भट्टीवाल्याचा वाटा रचनाकाराइतकाच मोठा आहे.

वळणदार काचेच्या या कौतुकावर कोणी शिल्पकार इसामू नोगुची यांचं उदाहरण देईल. त्यांचं टीपॉय जगातल्या सर्वांत प्रसिद्ध शिल्पवत टीपॉयपैकी एक, आणि त्याची काच तर सपाट आहे. अमेरिकेत हर्मन मिलर कंपनीने १९४७ पासून ते विक्रीला आणलं. लाकडाचे दोन सारखेच वळणदार तुकडे, त्यातला एक उलटा करून दुसऱ्याशी जोडलेला आणि त्यावर जाड काच ठेवलेली. पण इथे शिल्प लाकडाचं आहे, काच ते पाहण्याची खिडकी आहे. पाय आणि फळी यांचं जुनं द्वैत नोगुचींनी अतिशय देखणं केलं, मोडलं नाही. किएझांनी मोडलं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: आज काचेला काच चिकटवणारे भक्कम गोंद मिळतात, मग वळणाची गरज काय? गरज उरली नाही, हे मान्य करायला हवं. पण गोंदाची रेषा प्रकाशात डोळ्यांना जाणवते आणि तिथे कोपरा पुन्हा आलाच. शिवाय काच नाजूक, ती भार कसा पेलणार, या शंकेला कारागिरांनी वस्तूनेच उत्तर दिलं आहे. पेझारोजवळच्या फियाम या कंपनीच्या वित्तोरियो लिवी यांनी १९८४ साली ‘रान्यो’ टेबल केलं. रान्यो म्हणजे कोळी. त्याचे पाय त्याच काचेतून कापून खाली वळवलेले आहेत. तीनच वर्षांनी, १९८७ मध्ये, चिनी बोएरी आणि तोमु कातायानागी या रचनाकारांनी त्याच कंपनीसाठी १२ मिलिमीटर जाडीच्या एकाच तावदानातून ‘घोस्ट’ ही खुर्ची केली. तिच्यावर धडधाकट माणूस निर्धास्त बसतो.

तेव्हा वळणदार काचेचं टीपॉय विकत घ्यायला गेलात, तर किमतीच्या आधी कडेला वाकून पाहा. सांधा दिसला तर ती नक्कल आहे. न दिसला तर ती भट्टीची मेहनत आहे, आणि मोल द्यायचं ते तिचं.