दावा पुन्हा लिहा

जिल्हा न्यायालयात वकिली करताना एक गोष्ट मनात पक्की बसली: दाव्यात मागितले नाही ते पदरात पडत नाही. म्हणूनच अमेरिकेतल्या दक्षिण कॅरोलिनाचे संघीय न्यायाधीश ज्युलियस वेटीझ वॉरिंग मला सर्वोच्च न्यायालयातल्या थोर नावांपेक्षा जवळचे वाटतात.

चार्ल्सटनमधले जुने, प्रतिष्ठित घराणे. पूर्वजांनी गुलाम बाळगलेले. गोऱ्यांच्या वर्चस्वाचा पुरस्कार करणाऱ्या एका सिनेटरच्या १९३८च्या प्रचाराचे कामही त्यांनी केले होते. १९४२मध्ये, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, ते न्यायाधीश झाले. त्यांना बदलले ते समोर आलेल्या खटल्यांनी.

फेब्रुवारी १९४६मध्ये आयझॅक वुडर्ड हा कृष्णवर्णीय सैनिक फौजेतून मुक्त होऊन गणवेशातच बसने घरी निघाला. चालकाशी बाचाबाची झाली आणि बेट्सबर्गच्या पोलीसप्रमुखाने केलेल्या मारहाणीत त्याचे दोन्ही डोळे गेले. खटला वॉरिंगपुढे चालला. सरकारी वकिलांनी तो धड लढवलाच नाही. सगळ्या गोऱ्या ज्युरीने अर्ध्या तासाच्या आत आरोपीला निर्दोष ठरवले. वॉरिंग यांच्या पत्नी एलिझाबेथ रडत कोर्टाबाहेर पडल्या. त्यानंतर दोघे मिळून वर्णभेदावरचे ग्रंथ वाचू लागले. १९४७मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत कृष्णवर्णीयांना मतदान करू द्या, असा निकाल वॉरिंग यांनी दिला आणि शहराने त्यांच्याकडे पाठ फिरवली.

पण मला थांबायचे आहे ते नोव्हेंबर १९५०पाशी. क्लॅरेंडन परगण्यातल्या पालकांची मूळ मागणी साधी होती: गोऱ्या मुलांना शाळेच्या बस आहेत, आमच्या मुलांनाही एक द्या. तिथून प्रकरण शाळांमधल्या समान सोयींपर्यंत आले. वकील थर्गुड मार्शल तोच दावा घेऊन उभे होते. वॉरिंग यांनी सांगितले: हा काढून घ्या, नवा दाखल करा आणि वेगळ्या शाळांच्या कायद्यालाच आव्हान द्या. राज्याचा कायदा घटनाबाह्य ठरवायचा तर तीन न्यायाधीशांचे पीठ बसे, आणि त्याच्या निकालावर अपील थेट सर्वोच्च न्यायालयात जाई. या पीठात आपण एकटे पडणार, हे त्यांना दिसत होते.

न्यायाधीशाने एका पक्षाला असा सल्ला द्यावा का? माझ्यातला वकील इथे अडखळतो. तरीही मी त्यांच्याच बाजूने आहे. समान सोयींच्या दाव्यांनी एकेक शाळा सुधारली असती, कायदा मात्र शाबूत राहिला असता.

जून १९५१मध्ये निकाल दोन विरुद्ध एक असा लागला. विभक्तता हीच मुळात असमानता आहे, असे वॉरिंग यांनी भिन्नमत निकालपत्रात लिहिले. तीन वर्षांनी, १७ मे १९५४ला, शाळांमधल्या वर्णभेदावरच्या ब्राऊन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तोच निष्कर्ष काढला. क्लॅरेंडनचा दावा त्यात जोडलेला होता.

वॉरिंग १९५२मध्ये निवृत्त होऊन न्यूयॉर्कला गेले. त्यांच्या घरावर दगड पडले होते, हे खरे. पण त्यांच्यावर लिहिताना वादींना वगळले जाते ते मला सहन होत नाही. वादींमध्ये पहिले नाव हॅरी ब्रिग्ज यांचे. ते पेट्रोल पंपावर कामाला होते, पत्नी एलायझा मोटेलमध्ये. दोघांचीही नोकरी गेली. पालकांना एकत्र आणणारे पाद्री जोसेफ डिलेन यांचे घर जळाले आणि १९५५मध्ये त्यांना राज्य कायमचे सोडावे लागले.