विजेचे माप आणि विजेचे बिल



ज्वारी पायलीने मोजली, दूध मापाने घेतले, घासलेटची बाटली भरून आणली, म्हणजे किती माल आला ते डोळ्यांना दिसत असे. विजेचे तसे नाही. ती दिसत नाही, आणि वापरून झाल्यावर तिचा मागमूस राहात नाही. मग महिन्याच्या शेवटी हाती येणाऱ्या कागदावरचा आकडा खरा कशावरून? आणि घराला महिनाभर कुलूप होते, तरी बिल आलेच, ते का? गावोगाव शिक्षकांना आणि ग्रामसेवकांना हे दोन प्रश्न हमखास विचारले जातात. विजेचा धंदा सुरू झाला तेव्हाच ते उभे राहिले होते, आणि त्यांची उत्तरे शोधता शोधताच आजच्या बिलातल्या एकेका ओळीचा जन्म झाला.

आरंभी मापच नव्हते. घरात दिवे किती, ते मोजायचे आणि दिव्यामागे ठरलेले पैसे घ्यायचे. दिवा तासभर लावा की रात्रभर जाळा, पैसे तेवढेच. असे झाल्यावर दिवा विझवतो कोण? ४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर एडिसनचे वीजगृह सुरू झाले. एडिसनने मापाची एक युक्ती काढली होती. काचेच्या भांड्यात जस्ताच्या क्षाराचे पाणी, त्यात जस्ताच्या पट्ट्या. वीज वाहिली की एका पट्टीवरचे जस्त झिजून दुसरीवर चढते. कंपनीचा माणूस ठरावीक दिवशी येऊन पट्ट्या घेऊन जाई आणि तिकडे त्यांचे वजन होई. थंडीत ते पाणी गोठू नये म्हणून शेजारी एक दिवा ठेवावा लागे! युक्ती बरी होती, पण ग्राहकाला तिच्यातून काहीच वाचता येत नसे. वाण्याने धान्य आपल्या घरी नेऊन तोलावे आणि आपल्याला फक्त आकडा सांगावा, तसा तो प्रकार झाला.

त्याच वर्षी, १८८२ साली, मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटात विजेचे दिवे लागले होते. पण ते काम घेणारी कंपनी वर्षभरातच बुडाली.

मापाचा प्रश्न सुटला तो बुडापेस्टच्या गांझ कारखान्यातल्या ओट्टो ब्लाथी या इंजिनिअरमुळे. १८८९ साली त्याने फिरत्या चकतीचे मीटर तयार केले. जेवढी वीज अधिक, तेवढी चकती वेगाने फिरते आणि तिचे फेरे आकड्यांच्या चाकांवर जमा होत जातात. आपल्याकडे शंभर वर्षांच्या आसपास जे काळे मीटर ओसरीच्या भिंतीवर दिसत होते, ते याच जातीचे. माझ्या मते चकतीहूनही मोठी गोष्ट होती ती काचेमागच्या आकड्यांची. कंपनी आणि ग्राहक दोघांनाही एकच आकडा दिसू लागला. भांडण करायचे तर आता दोघांच्या हाती एकच पुरावा होता.

त्या आकड्याला आपण ‘युनिट’ म्हणतो. वाफेच्या यंत्रात सुधारणा करणाऱ्या जेम्स वॅटचे नाव शक्तीच्या मापाला द्यावे, असे विल्यम सीमेन्स यांनी १८८२ साली सुचवले. हजार वॅटचे उपकरण तासभर चालले की जेवढी वीज लागते, तिला इंग्लंडात ‘बोर्ड ऑफ ट्रेड युनिट’ म्हणू लागले. पुढची लांबलचक शेपटी गळाली आणि ‘युनिट’ तेवढे आपल्या बोलीत राहिले.

आता दुसरा प्रश्न, कुलूपबंद घराचा. १८९२ साली जॉन हॉपकिन्सन या इंग्रज इंजिनिअरने तरुण इंजिनिअरांच्या एका संस्थेपुढे भाषण केले. त्याचा विषय होता, वीज पुरवायला खर्च तरी किती येतो? सांगणे सरळ होते. वीजगृहाचा खर्च दोन तऱ्हेचा असतो. कोळसा जळतो तो वापराच्या प्रमाणात. पण यंत्रे, तारा, खांब आणि माणसे तयार ठेवावीच लागतात, कोणी बटण दाबो वा न दाबो. लग्नघराचे पाहा. आचारी, मांडव, भांडी ठरलेली असतात. पाहुणे निम्मेच आले तर तांदूळ वाचतो, पण मांडवाचे भाडे वाचत नाही. म्हणून हॉपकिन्सनने बिलाचे दोन भाग सुचवले, एक तयारीचा आणि एक वापराचा. आपल्या बिलातला ‘स्थिर आकार’ हा मांडव आणि ‘वीज आकार’ हा तांदूळ. मांडवाचे भाडे किती असावे यावर वाद घालता येतो, घालावाही. पण ते मुळात लागते का, याचे उत्तर १८९२ साली देऊन झाले आहे.

मुंबईत १९०५ पासून पुन्हा घरांना वीज मिळू लागली. १९१५ साली खोपोलीचे टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू झाले. खेडोपाडी तारा पोचवण्याचे मोठे काम मात्र १९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाल्यानंतरचे. २००५ साली मंडळाचे विभाजन झाले आणि वाटपाचे काम महावितरणकडे आले. शेतीपंपांच्या बाबतीत तर इतिहास उलटा फिरला. महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी मीटरऐवजी पंपाच्या अश्वशक्तीवर पैसे घेतले, म्हणजे ती जुनी दिवे मोजण्याचीच रीत झाली.

आता घरचा हिशेब करू. नऊ वॅटचे चार दिवे पाच तास : १८० वॅट-तास. सत्तर वॅटचे दोन पंखे दहा तास : १४००. ऐंशी वॅटचा दूरदर्शन संच चार तास : ३२०. फ्रिजचे दिवसाचे १००० धरा आणि इस्त्रीचे १००. बेरीज ३०००, म्हणजे दिवसाला तीन युनिटे आणि महिन्याला नव्वद. बिलावरच्या चालू रीडिंगमधून मागील रीडिंग वजा करा. उत्तर नव्वदीच्या आसपास यायला हवे.

उन्हाळ्यात वापर १२० झाला, तर शंभराच्या वर गेल्यामुळे सगळीच युनिटे महाग दराने लागतात, असा समज फार पसरलेला आहे. तो खरा नाही. हिशेबापुरते धरा की पहिल्या शंभरांना पाच रुपये दर आहे आणि पुढच्यांना दहा. शंभरांचे ५०० आणि वरच्या विसांचेच २००. एकूण ७०० झाले, १२०० नव्हे. शिवाय एखाद्या महिन्यात रीडिंग घेतले नाही आणि दोन महिन्यांची युनिटे एकदम आली, तर टप्पाही दोन महिन्यांचा, म्हणजे शंभराऐवजी दोनशेचा धरला आहे ना, ते अवश्य पाहावे. घोटाळा व्हायचा तो बहुधा इथेच. उरलेल्या ओळींपैकी ‘वहन आकार’ म्हणजे वीज तारांवरून घरापर्यंत आणण्याचे मोल, आणि ‘वीज शुल्क’ म्हणजे सरकारचा कर.

शिक्षकांनी मुलांकडून एक प्रयोग करून घ्यावा. नव्या मीटरवर चकती नसते, त्याऐवजी एक तांबडा ठिपका लुकलुकतो. शेजारी आकडा छापलेला असतो, उदाहरणार्थ ३२००. म्हणजे ३२०० वेळा लुकलुकले की एक युनिट. घरातले सारे बंद करून शंभर वॅटचा एकच दिवा लावा. तीन मिनिटांत ठिपका सोळा वेळा लुकलुकला पाहिजे. फारच फरक पडला तर मीटर तपासून मागावे, तसा लेखी अर्ज करावा आणि पोच घ्यावी.

हा हक्क नवा नाही. मीटर बरोबर असले पाहिजे, आणि त्यावर तंटा झाल्यास विद्युत निरीक्षकाने निवाडा द्यावा, ही तरतूद १९१० च्या कायद्यातच होती. थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी तेव्हा सात दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागे. २००३ च्या कायद्याने ती मुदत पंधरा दिवसांची केली आहे.