ब्रिस्टलच्या मतदारांचा जाब

निवडून दिलेला माणूस कुणाचा? ज्यांनी त्याला निवडून दिले त्यांचा, ज्या सभेत तो बसतो तिचा, की आपल्या विवेकबुद्धीचा? राज्यशास्त्राच्या ग्रंथांत हा प्रश्न शांतपणे चर्चिला जातो. पण गावच्या पारावर आणि चहाच्या दुकानात तो वैतागून विचारला जातो. "निवडून आल्यापासून हा इकडे फिरकला तरी का?" हे त्याचे नेहमीचे रूप. हा वैताग आजचा नव्हे. अठराव्या शतकात इंग्लंडमधील एका शहराने तो एका थोर संसदपटूला बोलून दाखविला. ती हकीगत आपणही समजून घेण्यासारखी आहे.

एडमंड बर्कचे नाव आपल्याला परिचित आहे ते वॉरन हेस्टिंग्जवरील खटल्यामुळे. हा खटला १७८८ ते १७९५ असा सात वर्षे चालला आणि शेवटी हेस्टिंग्ज निर्दोष सुटला. तथापि दूर देशी सत्ता गाजविणाऱ्यालाही आपल्या कृत्यांचा हिशेब द्यावाच लागेल, हे तत्त्व बर्कने जगापुढे मांडले. मौज अशी की, हा खटला उभा राहण्यापूर्वी आठ वर्षे खुद्द बर्कलाच एका शहरापुढे हिशेब द्यावा लागला होता.

ते शहर ब्रिस्टल. व्यापाराचे मोठे बंदर. अमेरिका आणि वेस्ट इंडीज यांच्याशी त्याची उलाढाल चाले, आणि त्या उलाढालीत गुलामांचा व्यापारही होता. पार्लमेंटमध्ये या शहराचे दोन प्रतिनिधी बसत आणि मतदार सुमारे पाच हजार होते. आजच्या मानाने ही संख्या अल्प वाटते, आणि शहरातील बहुसंख्य रहिवाशांना मतच नव्हते. पण त्या काळी इतके मतदार असलेली शहरे थोडीच होती. १७७४ च्या निवडणुकीत ब्रिस्टलने हेन्री क्रूगर आणि एडमंड बर्क यांना निवडून दिले. क्रूगर हा मूळचा न्यूयॉर्कचा व्यापारी.

निकालानंतर दोघांनी आभाराची भाषणे केली. मतदारांना आपल्या प्रतिनिधीस आज्ञा देण्याचा अधिकार आहे, असे क्रूगर म्हणाला. त्याच्या मागोमाग बर्क उभा राहिला आणि त्याने नेमके उलट सांगितले. मतदारांच्या इच्छेला प्रतिनिधीने मोठे वजन द्यावे, त्यांच्यासाठी आपली झोप आणि सुख खर्ची घालावे. पण आपली विवेकबुद्धी मात्र त्यांच्या स्वाधीन करू नये, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. पार्लमेंट म्हणजे निरनिराळ्या हितसंबंधांच्या वकिलांचा मेळावा नव्हे. ती एका राष्ट्राची विचारसभा आहे, अशी त्याची धारणा होती. विजयाच्या दिवशी मतदारांना इतके परखड ऐकविणारे पुढारी फार थोडे.

पुढील सहा वर्षांत या तत्त्वाची कसोटी लागली. आयर्लंडच्या व्यापारावर इंग्लंडने जाचक निर्बंध घातले होते. १७७८ मध्ये ते सैल करण्याचा प्रश्न आला, तेव्हा आयरिश माल स्पर्धेत उतरेल या भीतीने ब्रिस्टलचे व्यापारी खवळले. बर्कने आयर्लंडची बाजू घेतली. अमेरिकेला वेळीच न दिल्याने काय झाले ते डोळ्यांपुढे असता तीच चूक पुन्हा करायची काय, असा त्याचा सवाल होता. त्याच वर्षी कॅथलिकांवरील काही जुलमी कायदे रद्द झाले. बर्कने त्यालाही पाठिंबा दिला. या सवलतींविरुद्ध जून १७८० मध्ये लंडनमध्ये भयंकर दंगली उसळल्या. कर्ज न फिटल्याबद्दल माणसाला सावकाराच्या मर्जीवर तुरुंगात कुजत ठेवणाऱ्या पद्धतीला आळा घालू पाहणाऱ्या विधेयकालाही त्याने अनुकूलता दाखविली. उधारीवर व्यापार करणाऱ्या शहराला ते कसे रुचावे?

६ सप्टेंबर १७८० रोजी ब्रिस्टलच्या गिल्डहॉलमध्ये तो मतदारांपुढे उभा राहिला. त्याच्यावरील आक्षेप चार होते. आयरिश व्यापार, कर्जदारांचे विधेयक आणि कॅथलिकांच्या सवलती हे तीन धोरणाविषयीचे. चौथा अगदी साधा होता: तुम्ही आमच्याकडे पुरेसे येत नाही. धोरणाविषयीच्या तीन आक्षेपांना त्याने दिलेली उत्तरे आजही वाचावीत अशी आहेत. त्याने माफी मागितली नाही. आपण तसे का वागलो ते सांगितले. न येण्याच्या आक्षेपाला मात्र त्याचे उत्तर असे होते की, तुमची सेवा आणि तुमची मनधरणी या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधत नाहीत. मी ब्रिस्टलच्या बैठकांत नव्हतो, पण लंडनमध्ये जकात कचेरीपासून खजिन्यापर्यंत तुमच्याच कामांसाठी उंबरठे झिजवीत होतो.

मतदारांचे समाधान झाले नाही. वारे कोणत्या दिशेचे आहे हे ओळखून तीन दिवसांनी बर्कने उमेदवारी सोडली. विशेष म्हणजे आज्ञापालनाचे वचन देणारा क्रूगरही त्याच निवडणुकीत पडला! बर्क पुढे माल्टन येथून पार्लमेंटमध्ये गेला. तेथे मतदार थोडे आणि वजन लॉर्ड रॉकिंगहॅमचे. म्हणजे पाच हजारांची आज्ञा ज्याने मानली नाही, त्याला शेवटी एका उमरावाच्या कृपेवर बसावे लागले.

न्याय कुणाच्या बाजूला होता? धोरणापुरते पाहिले तर इतिहासाने बर्कचा पक्ष खरा ठरविला आहे. परंतु तेवढ्यावरून मतदारांना स्वार्थी आणि अडाणी म्हणून मोकळे होणे योग्य नाही. त्यांच्या वैतागात दोन प्रश्न एकत्र गुंतले होते. "आमचे ऐकले का नाही?" हा एक, आणि "आम्हांला वेळेवर सांगितले का नाही?" हा दुसरा. पहिल्याला बर्कपाशी उत्तम उत्तर होते. दुसऱ्याला त्याने पत्रे लिहून काही उत्तर दिले, हे खरे. पण पत्राला प्रतिप्रश्न विचारता येत नाही.

शिवाय मतदारांना कळण्याची साधने तरी कोणती होती? पार्लमेंटमधील वादविवाद छापल्याबद्दल १७७१ मध्ये मुद्रकांवर कारवाईचा प्रयत्न झाला आणि त्यांची बाजू घेणाऱ्या लंडनच्या महापौराला टॉवरमध्ये कैदेत राहावे लागले. कोणत्या सभासदाने कोणत्या बाजूला मत दिले याच्या अधिकृत याद्या कॉमन्स सभा प्रसिद्ध करू लागली ती १८३६ पासून. माहिती मिळेना की प्रश्नाची तक्रार होते आणि तक्रारीचा राग होतो.

आपल्याकडे प्रश्न विचारण्याचा हक्क असाच इंचाइंचाने मिळाला. कायदेमंडळातील सभासदांना सरकारला प्रश्न विचारण्याची मुभा १८९२ च्या कायद्याने आली. उत्तरावर उपप्रश्न विचारण्याची सोय १९०९ च्या सुधारणांनंतर झाली, आणि तीही मूळ प्रश्न विचारणाऱ्यापुरतीच. स्वतंत्र भारताच्या संसदेत प्रश्नोत्तराचा तास रुजला. पण अनेक विधेयके आजही आवाजी मतदानाने संमत होतात आणि त्यात कुणी काय मत दिले याची नोंद उरत नाही. शिवाय १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर पक्षादेश मोडून मत देणाऱ्याचे सभासदत्वच धोक्यात येते. त्या कायद्याची कारणे खरी होती. पण त्यामुळे बर्कचा जुना वाद निराळ्याच वळणावर आला आहे. आजचा सभासद पुष्कळदा मतदारांच्याही आज्ञेत नसतो आणि स्वतःच्या विवेकाच्याही नसतो. तो आपल्या राजकीय पक्षाच्या आज्ञेत असतो. मग जाब विचारायचा तो त्या पक्षालाही विचारला पाहिजे.

तो कसा विचारावा, हे ब्रिस्टलच्या हकीगतीवरून शिकता येईल. "आमचे काम का केले नाही?" एवढ्यावर थांबू नये, "मत कोणत्या बाजूला दिले, आणि का?" हेही विचारावे. उत्तर आपल्या मनाविरुद्ध आले तरी ते पुरते ऐकून घ्यावे. आणि प्रतिनिधीने आमच्याशी सहमत नसण्याचा हक्क अवश्य बजावावा, परंतु तो आमच्यासमोर उभा राहून बजावावा. बर्क समोर उभा राहिला. पण फार उशिरा, निवडणूक दाराशी आल्यावर. सहा वर्षांचा हिशेब तीन दिवसांत पटवून देणे त्याच्यासारख्या वक्त्यालाही साधले नाही. मग इतरांची काय कथा!