सर्दीचे चार भाऊ (आणि हरवलेला पाचवा)

२२९ई, ओसी४३, एनएल६३, एचकेयू१. ही नावं वाचून मला पहिल्यांदा आमच्या टीममधल्या एकाचा डेस्कटॉप आठवला. 'फायनल २', 'फायनल नवीन', 'न्यू फोल्डर ३'... पण ही आहेत चार विषाणूंची नावं. २०२० मध्ये ज्याने आपल्याला घरी बसवलं त्याचे हे चुलतभाऊ. आपल्या नाकात ते कित्येक वर्षं बिनभाड्याने राहतायत आणि आपण त्यांना नुसतं 'पडसं' म्हणतो. औषध घेतलं तर सात दिवसांत बरं होणारं आणि नाही घेतलं तर आठवडा लावणारं, तेच ते.

तर मंडळी, यांचा शोध कसा लागला ती गोष्ट फार मजेशीर आहे.

इंग्लंडमध्ये सॅलिस्बरीजवळ १९४६ ते १९९० पर्यंत 'कॉमन कोल्ड युनिट' नावाची संस्था होती. काम एकच, सर्दीचा अभ्यास. दुसऱ्या महायुद्धातल्या जुन्या इस्पितळाच्या बराकी, त्यात दोघातिघांना मिळून एक फ्लॅट, जेवणखाण फुकट, वर थोडा हातखर्च. त्या बदल्यात नाकात थेंब घालून घ्यायचे आणि दहा दिवस बाहेरच्या कुणाच्या जवळ जायचं नाही. लोक चक्क सुट्टी घालवायला यायचे! काही जोडपी तर म्हणे हनिमूनला आली होती. (लग्न जमवताना ही अट कुणी घातली असेल देव जाणे.)

संस्थेचे प्रमुख होते डेव्हिड टिरेल. त्यांच्याकडे १९६०-६१ मध्ये एका निवासी शाळेतल्या मुलाच्या नाकातला नमुना आला, क्रमांक बी८१४. हा नमुना नेहमीच्या पेशींमध्ये काही केल्या वाढेना, पण स्वयंसेवकांच्या नाकात घातला की सर्दी हमखास. म्हणजे बग तर आहे, पण लॉगमध्ये काहीच दिसत नाही अशातली गत. शेवटी बर्टिल हूर्न या स्वीडिश संशोधकाची युक्ती कामी आली. सुट्या पेशींऐवजी श्वासनलिकेचा अख्खा तुकडाच जिवंत ठेवायचा आणि त्यात विषाणू वाढवायचा. टिरेल आणि त्यांचे सहकारी माल्कम बायनो यांनी १९६५ मध्ये हे प्रसिद्ध केलं. ईथरने हा विषाणू निष्प्रभ होत होता, याचा अर्थ त्याला चरबीचं आवरण होतं, म्हणजेच तो सर्दीचा नेहमीचा ऱ्हायनोव्हायरस नव्हता. मग होता तरी कोण?

इथे एन्ट्री होते जून अल्मेडा यांची. ग्लासगोच्या बसड्रायव्हरची मुलगी. सोळाव्या वर्षी शाळा सुटली, पदवी नाही, प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून सुरुवात. नंतर कॅनडात जाऊन इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवर असा हात बसवला की लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळाने त्यांना बोलावून घेतलं. बी८१४ त्यांच्याकडे गेला आणि कडेने काटे असलेले, प्रभावळीसारखे गोल दिसले. गंमत म्हणजे असेच गोल त्यांनी आधी कोंबड्यांच्या आणि उंदरांच्या विषाणूंमध्ये पाहिले होते. पण तो निबंध परीक्षकांनी परत पाठवला होता. कारण काय, तर हे फ्लूच्या विषाणूचे वाईट आलेले फोटो आहेत! मुकुट या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून 'कोरोना' हे नाव ठरलं आणि १९६८ मध्ये आठ संशोधकांच्या छोट्याशा टिपणातून ते 'नेचर'मध्ये छापून आलं. डिग्रीवरून माणसाची किंमत करणाऱ्या आपल्या कॅम्पस इंटरव्ह्यूवाल्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

दरम्यान शिकागोत डोरोथी हॅमर आणि जॉन प्रॉकनाऊ यांना वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या सर्दीतून २२९ई मिळाला होता (निबंध १९६६चा), आणि अमेरिकेतच केनेथ मॅकिन्टॉश यांच्या गटाला १९६७ मध्ये ओसी४३. त्यातलं 'ओसी' म्हणजे ऑर्गन कल्चर, तीच ती श्वासनलिकेची युक्ती.

पुढे मात्र एक वाईट गोष्ट झाली. २२९ई पेशींमध्ये वाढायचा, ओसी४३ उंदराच्या पिल्लांच्या मेंदूत वाढायला शिकला, म्हणून अभ्यास झाला तो याच दोघांचा. बाकीचे नमुने मागे पडले. ज्याच्यामुळे हे सगळं सुरू झालं तो बी८१४ तर हरवलाच. त्याचं आज कुठेही बॅकअप नाही. साध्या सर्दीसाठी पैसा कोण घालणार? १९९० मध्ये सॅलिस्बरीलाही टाळं लागलं.

मग आला सार्स. २००२-०३ मध्ये ८,०९६ रुग्ण आणि ७७४ मृत्यू. अचानक सगळ्यांना या खानदानाची आठवण झाली. शोधाशोध सुरू झाल्यावर २००४ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये सात महिन्यांच्या बाळात एनएल६३ सापडला आणि २००५ मध्ये हाँगकाँगहून एचकेयू१ जाहीर झाला. हे दोघे नवीन नव्हतेच, जगभर आधीपासून फिरत होते. कुणी पाहिलं नव्हतं, इतकंच.

एनएल६३ मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतो. नात्याने तो २२९ईच्या जवळचा, सार्सपासून लांबचा. पण पेशीत शिरायला वापरतो तेच एसीई२ नावाचं दार, जे सार्स आणि कोविडचे विषाणू वापरतात. तरी बहुतेकांना त्याने होते ती सर्दी, फार तर लहान मुलांना घोगरा खोकला. म्हणजे नुसत्या दारावरून चोर किती खतरनाक ते कळत नाही.

हे चौघे पुन्हा पुन्हा कसे होतात, याचं उत्तर सॅलिस्बरीने बंद होता होता देऊन ठेवलं होतं. २२९ई दिलेल्या स्वयंसेवकांना एका वर्षाने तोच विषाणू पुन्हा दिला. आधी लागण झालेल्यांपैकी बऱ्याच जणांना पुन्हा लागण झाली, पण सर्दी एकालाही नाही. १९९० सालचा हा निबंध २०२० मध्ये लोकांनी धूळ झटकून बाहेर काढला.

आता थोडं वादग्रस्त. बेल्जियमच्या संशोधकांनी २००५ मध्ये ओसी४३ आणि गाईगुरांच्या कोरोनाविषाणूच्या जनुकांची तुलना केली. दोघांच्या वाटा फुटल्या त्या १८९०च्या आसपास, असं त्यांचं गणित. आणि १८८९-९० मध्येच 'रशियन फ्लू'ची जगभर साथ आली होती, रेल्वे आणि आगबोटींवर स्वार होऊन ती हिंदुस्थानातही पोचली होती. मग ती साथ ओसी४३चीच, आणि तेव्हाचा राक्षस आज निव्वळ पडसं होऊन बसलाय, ही कल्पना २०२० नंतर फार लोकप्रिय झाली. साहजिक आहे, ऐकायला बरं वाटतं. पण मला ती पटत नाही, निदान अजून तरी. तारखा जुळल्या म्हणजे गुन्हा सिद्ध होत नाही. शिवाय त्या काळात जन्मलेल्या लोकांच्या रक्तातल्या प्रतिपिंडांवरून बोट फ्लूच्याच एका जातीकडे जातं.

निकाल लागायचा तर त्या साथीत गेलेल्या कुणाच्या तरी फुप्फुसाचा जपून ठेवलेला तुकडा हवा. १९१८च्या फ्लूचा विषाणू असाच सापडला होता, अमेरिकन लष्कराच्या संग्रहातल्या नमुन्यांत आणि अलास्कातल्या बर्फाळ जमिनीत पुरलेल्या एका बाईच्या फुप्फुसात. १८९०चा तसा तुकडा मिळाला, तर ओसी४३ची फाईल पुन्हा उघडता येईल.