चव्हाण, यशवंतराव बळवंतराव

(१२ मार्च १९१३ – २५ नोव्हेंबर १९८४). महाराष्ट्र राज्याचे पहिले मुख्यमंत्री आणि भारताचे माजी उपपंतप्रधान. जन्म देवराष्ट्रे (तेव्हाचा सातारा, आताचा सांगली जिल्हा) येथे शेतकरी कुटुंबात. वडील लवकर वारल्यामुळे आई विठाबाईंनी कष्टाने वाढवले. कराडच्या टिळक हायस्कुलात शिकत असताना सत्याग्रहात उतरले. १९३२ मध्ये त्यांना तुरुंगवास झाला. बी. ए. (१९३८) व एल्एल. बी. (१९४१) या पदव्या घेतल्या. १९४२ मध्ये वेणूताईंशी विवाह झाला. त्याच वर्षी ते ‘छोडो भारत’ चळवळीत भूमिगत झाले.

१९४६ मध्ये मुंबई विधानसभेवर निवड. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठी व गुजराती भाषकांच्या द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री. मराठी भाषकांच्या वेगळ्या राज्यासाठी झालेल्या संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात महाराष्ट्रापेक्षा पंतप्रधान नेहरूंच्या नेतृत्वाला अधिक मान दिल्याने त्यांच्यावर कडाडून टीका झाली. मात्र द्वैभाषिक टिकणार नाही, हे केंद्राला पटवण्यातही त्यांचा मोठा वाटा होता. १ मे १९६० रोजी नव्या राज्याची सूत्रे त्यांच्याकडे आली.

त्यांच्या कारकिर्दीचा ठसा उमटला तो संस्थांच्या उभारणीत. जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम (१९६१) करून त्यांनी सत्ता गावापर्यंत नेली. साहित्य संस्कृती मंडळाची (१९६०) धुरा तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्याकडे सोपवली. मराठी विश्वकोशाचे काम तेथूनच सुरू झाले.

१ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. जमीन संपादून रस्ते, पाणी, वीज यांसह कारखान्यांना भूखंड भाडेपट्ट्याने देणे, ही त्याची पद्धत. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आधीच उभी होती. महामंडळामुळे पिंपरी-चिंचवड, भोसरी व पुढे चाकणपर्यंत कारखानदारी पसरली. पवनेकाठचे पिंपळे सौदागर शेतीचे गाव होते. या पट्ट्याच्या वाढीबरोबर तेही दाट नागरी वस्तीचे झाले. शेजारच्या पिंपरीतील महापालिकेच्या रुग्णालयाला चव्हाणांचे नाव आहे. लोक त्याला ‘वायसीएम’ म्हणतात.

चीन युद्धाच्या काळात नोव्हेंबर १९६२ मध्ये नेहरूंनी त्यांना संरक्षणमंत्री केले. ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे वचन तेव्हा रूढ झाले. १९६३ मध्ये ते नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून आले. १९६५ चे पाकिस्तान युद्ध त्यांच्याच कारकिर्दीत झाले. पुढे गृह (१९६६–७०), अर्थ (१९७०–७४) व परराष्ट्र (१९७४–७७) ही खाती त्यांनी सांभाळली. जुलै १९७९ मध्ये विरोधी पक्षनेते म्हणून त्यांनी मांडलेल्या अविश्वास ठरावानंतर मोरारजी देसाईंचे सरकार पायउतार झाले. चरणसिंगांच्या मंत्रिमंडळात ते उपपंतप्रधान झाले. काँग्रेसच्या फुटीत इंदिरा गांधींपासून दुरावलेले चव्हाण पुढे त्यांच्या पक्षात परतले, पण पूर्वीचा प्रभाव उरला नाही. नंतर ते आठव्या वित्त आयोगाचे अध्यक्ष होते.

वाचन व लेखनाची त्यांना आवड होती. ऋणानुबंध हा लेखसंग्रह व कृष्णाकाठ हे आत्मचरित्र ही त्यांची प्रसिद्ध पुस्तके. दिल्लीत निधन, समाधी कराडच्या प्रीतिसंगमावर आहे.