पाच दिवस आणि दहा वर्षे

मंडळी, १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि १७ तारखेला संध्याकाळी निजामांनी रेडिओवरून शस्त्रसंधी जाहीर केली. सव्वादोनशे वर्षांची राजवट पाच दिवसांत कोसळली. त्यामुळे पुष्कळांची अशी समजूत असते, की फौज आली आणि मराठवाडा सुटला. पण भिंत एका धक्क्याने पडली, तर ती आधी कुणी पोखरली होती, हे पाहायला नको का?

आधी राज्य कसे होते ते पाहू. सातवे निजाम मीर उस्मान अली खान १९११ साली गादीवर आले. संस्थानात सोळा जिल्हे होते : तेलंगणाचे आठ, मराठवाड्याचे पाच आणि कानडी मुलखाचे तीन. लातूर त्या वेळी उस्मानाबाद जिल्ह्यात मोडत असे. निजामांचे फर्मान निघाले, की तोच कायदा. सरकारला जाब विचारील असे लोकांनी निवडलेले कायदेमंडळ नव्हते. जमिनीचा सुमारे दहावा हिस्सा 'सर्फ-ए-खास', म्हणजे निजामांचा खाजगी मुलूख. शिवाय जहागिऱ्या वेगळ्याच. तिथल्या कुळाने दाद मागावी कुणाकडे? सरहद्दीवर करोडगिरीची नाकी, गावात वेठबिगार. सभा भरवायची तर परवानगी हवी, खाजगी शाळा काढायची तरी परवानगी हवी. बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी आणि कानडी बोलणारी. पण कचेरीची आणि उच्च शिक्षणाची भाषा मात्र उर्दू. उर्दूशी कुणाचे वैर नव्हते. आपल्या भाषेला आपल्याच घरात जागा नाही, हे दुःख होते.

म्हणूनच या लढ्याचे बी शाळेत पडले. १९२१ साली हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा निघाली. व्यंकटेश खेडगीकर नावाचे शिक्षक तिथे आले. १९३२ साली संन्यास घेऊन ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. पुढे अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत त्यांनी मुले घडवली. गुरुजनहो, मराठवाड्याच्या क्रांतीचा नेता शाळामास्तर होता, हे आपण मुलांना जरूर सांगा.

१९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेस निघू घातली. तिची मागणी एवढीच, की राजाने गादीवर राहावे, पण कारभार लोकांना जबाबदार असावा. संस्था उभी राहण्याआधीच तिच्यावर बंदी आली. सत्याग्रह झाला, माणसे तुरुंगात गेली. त्याच साली वसतिगृहात 'वंदे मातरम्' म्हटले, म्हणून उस्मानिया विद्यापीठाने विद्यार्थी काढून टाकले. त्यांना नागपूर विद्यापीठाने आसरा दिला. बंदी उठायला १९४६ साल उजाडले.

देश स्वतंत्र झाला, तेव्हा निजामांनी भारतात सामील व्हायचे नाकारले. १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वामीजींना अटक झाली. लोकांनी शिंदीची झाडे तोडली, करोडगिरीची नाकी जाळली. वकिलांनी कोर्टे सोडली, पोरांनी शाळा सोडल्या. दुसरीकडे, लातुरात वकिली केलेल्या कासीम रझवीच्या रझाकारांनी खेडीपाडी लुटायला सुरुवात केली. सनदशीर वाट बंद झाली, तेव्हा सरहद्दीवर बार्शी, उमरखेड अशा ठिकाणी सशस्त्र तळ उभे राहिले. जानेवारी १९४८ मध्ये नांदेड जिल्ह्यातील उमरीची बँक लुटून लढ्याला पैसा उभा केला गेला. उदगीर भागात हत्तीबेटाच्या परिसरात शेतकऱ्यांची पोरे बंदूक घेऊन उभी राहिली. गावोगाव सरकारचा अंमल ढिला पडत गेला. फौज आली ती अशा पोखरलेल्या राज्यात.

हा लढा हिंदूंचा मुसलमानांशी नव्हता. विलीनीकरणाची बाजू मांडणारे 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान मुसलमानच होते. ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्यांचा खून झाला. आणि एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे. राजवट पडल्यावर अनेक गावांत सूड घेतला गेला आणि ज्यांनी कधी रझाकाराची काठीही धरली नव्हती, असे हजारो मुसलमान मारले गेले. भारत सरकारच्या वतीने पाहणी करणाऱ्या पंडित सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ पोचलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड ही आपलीच नावे घेतली. तो अहवाल अनेक दशके बंद कपाटात राहिला. विजयाचा दिवस साजरा करताना हे मेलेलेही आपल्याच गावचे होते, हे विसरून कसे चालेल?

फ्रान्सच्या क्रांतीत १७९३ साली राजाचा शिरच्छेद झाला. इथे मात्र १९५० मध्ये निजामच राजप्रमुख झाले आणि १९५६ पर्यंत त्या पदावर राहिले. मग बदलले काय? १९४९ साली जहागिऱ्या गेल्या. १९५२ साली कुळाने आणि जहागीरदाराने एकाच रांगेत उभे राहून मत टाकले. १९५६ साली संस्थानाची वाटणी झाली, मराठवाडा मराठी मुलखाला मिळाला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला.

१७ सप्टेंबरला शाळेत झेंडा चढतो. त्या दिवशी, गुरुजनहो, मुलांना एक काम द्या : आपल्या गावात त्या दहा वर्षांत काय घडले, ते घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून वहीत लिहून आणा. चांगले असेल ते लिहा, वाईट असेल तेही लिहा. त्या काळाची माणसे आता फार थोडी उरली आहेत. विचारायचे ते लवकर विचारलेले बरे.