मलिद्याचे कूळ

केक मधोमध खचला, तर तो चुरून त्याचे लाडू वळायचे किंवा दुधात भिजवून पुडिंग करायचे, हा उपाय आज घरोघर ठाऊक आहे. केकबरोबर तोही बाहेरून आला असावा, असे आपण सहज धरून चालतो. मला ते पटत नाही. भाजताना बिघडलेला पदार्थ मोडून, स्निग्धाच्या आणि गोडाच्या आधाराने त्याचे पक्वान्न करण्याची रीत विदर्भात केकच्या कितीतरी आधीची आहे. चंद्रपूर-गडचिरोलीकडे तिचे मूळ शोधायचे तर जगऱ्यापाशी, म्हणजे पेटवलेल्या गोवऱ्यांच्या ढिगापाशी, बसावे लागेल.

रोडगा भाजणे हे घरगुती बेकिंगच आहे, फक्त भट्टी उघडी. जाडसर दळलेल्या गव्हाच्या कणकेत तेलाचे मोहन घालून ती घट्ट मळतात. छोट्या गोळ्याला तेल लावून त्याभोवती एक पारी, तिच्यावर दुसरी, तिसरी अशा गुंडाळतात आणि धग बसलेल्या जगऱ्याच्या राखेत हे गोळे पुरतात. याच्याच जातीच्या पानग्याला पळसाच्या पानांचे आवरण मिळते, आणि या जंगलपट्ट्यात पळसाला तोटा नाही. पण या भट्टीची आच हाताच्या अंदाजावर चालते. वारा सुटला की एका बाजूची गोवरी भडकते, गोवरी ओली असली तर नुसती धुमसत राहते. मग रोडगा बाहेरून करपतो, आतल्या पारीत कच्चा राहतो, नाहीतर सुकून दाताला दाद देत नाही. अशा वेळी करपलेले कवच खरवडून टाकायचे, उरलेला भाग फोडून चुरायचा, आत ओलसर निघाला तर चुरा तुपात खमंग परतायचा आणि वरून किसलेला गूळ मिसळायचा: मलिदा तयार. इथे बिघडलेली असते ती बांधणी. गहू, तेल, मीठ शाबूत असतात. चुरा केला की बांधणीची गरजच उरत नाही, आणि कण धरून ठेवण्याचे काम तूप-गूळ करतात. शिवाय चांगला भाजलेला रोडगासुद्धा वरणात कुस्करूनच खातात, त्यामुळे तो मोडण्यात कुणाला कमीपणा वाटण्याचा प्रश्नच नव्हता. मला या रिवाजात सर्वांत मोलाची वाटते ती हीच गोष्ट.

या भाजण्याचे वयही लहान नाही. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ या ११३०च्या सुमाराच्या ग्रंथात निखाऱ्यावर भाजलेली अंगारपोलिका आहे. एकनाथांच्या (१५३३–१५९९) भारुडात भवानीला रोडगा वाहण्याचा नवस येतो, म्हणजे सोळाव्या शतकात रोडगा सामान्य घरात रुळलेला होता. ‘मलिदा’ हे नाव मात्र फारसीतून आले आणि दर्ग्यातल्या नैवेद्याने ते गावोगाव पोचवले. म्हणून पदार्थही परका ठरवावा काय? पोळी कुस्करून तूप-गूळ घालण्यासाठी कुणाला परकी शिकवण लागत नाही. नाव नंतर येऊन जुन्या पदार्थावर बसले, हे मला अधिक संभवनीय वाटते.

पदार्थांच्या जन्मकथांना अपघात फार प्रिय असतो. मेवाडच्या राजघराण्यातल्या स्वयंपाक्याच्या हातून बाट्यांवर उसाचा रस सांडला आणि चुरमा जन्मला, असे सांगतात. फ्रान्समधल्या लामोत-ब्यूव्रों गावच्या तातँ भगिनींचा सफरचंदाचा उलटा टार्टही अशाच गडबडीतून झाला म्हणतात. पण त्या प्रदेशात फळांचे उलटे टार्ट त्यांच्याही आधी होत असत, असे अभ्यासकांनी दाखवले आहे. रस कुठेही सांडू शकतो, रोडगा कुठेही करपू शकतो. पुढे काय करायचे हे जिथे आधीपासून हातात असते, तिथेच त्याचा पदार्थ होतो; बाकी ठिकाणी तो गुरांपुढे जातो. म्हणून मलिद्याचा जन्म एखाद्या दिवशी, एखाद्या बाईच्या फजितीतून झाला असे मी मानत नाही.

यावर कोणी म्हणेल, ही तर शिळ्याची सोय झाली, फसलेल्याची नव्हे. स्वयंपाकघरात मात्र दोन्हींची वाट एकच. शिळ्या पोळीचा लाडू आणि कडक झालेल्या रोडग्याचा मलिदा यांत कृतीचा फरक नाही. पुढे तर लोक मुद्दाम मोडण्यासाठी भाजू लागतात, तळू लागतात: चुरम्याच्या लाडवासाठी गुजरातेत मुठिया तळतात त्या कुटायलाच, आणि इंग्रजी ट्रायफलला आदल्या दिवसाचा केक लागतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. हा मुलूख भाताचा. रोडग्याचे कूळ इथे कसे रुजवता? हे मला अंशतः मान्य आहे. वरोरा-भद्रावतीकडे ज्वारी-गव्हाची शेती आहे, पण सिंदेवाही, ब्रह्मपुरी आणि पुढे गडचिरोलीत धानच धान. दोन्ही जिल्ह्यांवर रोडग्याचा सारखा हक्क सांगता येणार नाही. मात्र भाताच्या पट्ट्यातही हाच विचार दुसऱ्या वेशात भेटतो. पूर्व पाकिस्तानातून आलेली बंगाली निर्वासित कुटुंबे मुलचेरा-चामोर्शी भागात वसवली गेली. मराठी घरात नासले म्हणून हळहळ वाटते ते दूध बंगाली हात मुद्दाम फाडतो आणि निघालेल्या चोथ्यातून, म्हणजे छान्यातून, रसगुल्ला, संदेश करतो. बांधणी मोडली तरी जिन्नस टिकतो, हे त्यांना दुधात उमगले आणि इकडे गव्हात.

शिट्टी आणि रबर काढलेल्या कुकरच्या तळाशी वाळू किंवा मीठ पसरून केक भाजायची पद्धत घरांत आली, तेव्हा जगऱ्याची जुनी अडचण नव्या भांड्यात शिरली. अंड्या-मैद्याची चौकट पक्की होण्याआधी झाकण उघडले किंवा आच पडली, की फुगलेला वायू निघून जातो आणि केक खचतो. त्याचा चुरा साजूक तुपात परतून, थोडे दूध शिंपडून लाडू वळणारी बाई रोडग्याचाच नियम पाळत असते. नियमाची मर्यादाही तीच. कच्चे परतून शिजवता येते, कोरडे भिजवता येते, वरचे जळलेले खरवडता येते. पण धूर आतपर्यंत मुरला असेल, तूप खवट असेल किंवा सोडा जास्त पडून साबणासारखी चव आली असेल, तर बिघाड जिन्नसातच गेलेला असतो, आणि तिथे मलिदा करून उपयोग नाही. गूळ-तूपही वाया जाते.